मंत्रचळ आणि बोलण्याचा उपचार : पारख कशी करावी?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी किमान वेतनावर नाहीतर ऊसतोडीच्या उचलीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी ‘मंत्रचळ’ असे सांगितले, तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यात त्यांचा दोष नाही. तीस वर्षे ह्या भागात मी हमालांच्या आणि जिनिंग कामगारांच्या सभांतच बोलत आलो आहे. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते मोंढ्यात पोत्यांवर बसून झाले, आणि इंग्रजी शिकलो ते कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा शब्दकोश उघडा ठेवून वाचताना. मी डॉक्टर नाही. म्हणून आज जे सांगणार आहे ते औषधपाणी म्हणून कोणी घेऊ नये. एका माणसाच्या दुखण्यामागे लागून मी जे वाचले, विचारले आणि पडताळून पाहिले, त्याचा हिशेब म्हणून घ्यावे.

२०१४ च्या हंगामात एका जिनिंगमधून आमच्या एका सभासदाला काढून टाकण्यात आले. जिनिंगचे नाव मी घेत नाही, आणि त्या माणसाचेही घेत नाही. आरोप असा होता, की पाळी संपल्यावर रात्री तो भिंतीवरून आत उतरला आणि रुईच्या ढिगापाशी सापडला. रखवालदाराने धरले, मालकाने चोर ठरवले. खिशात तर काहीच सापडले नव्हते. मी त्याला बाजूला घेऊन विचारले, “आत कशाला गेला होतास?” तो खाली मान घालून म्हणाला, “भाऊ, ठिणगी बघायला.”

मग हळूहळू सगळे बाहेर आले. दोन वर्षांपूर्वी फाटकाबाहेर बिडी ओढून तो घरी गेला आणि जेवताना त्याच्या मनात आले, की बिडी नीट विझवली होती का? वाऱ्याने थोटूक आत गेले तर? सरकी-रुईचा ढीग, आत रात्रपाळीच्या बाया. आग लागली तर पाप कोणाच्या माथी? उठून तो पाहून आला. काही नव्हते. अर्ध्या तासाने पुन्हा तोच विचार. कापसाच्या आगी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही भीती खुळी वाटणार नाही. मी स्वतः एक पाहिली आहे. पण ह्याचे पाहणे थांबेना. त्याने बिडी सोडली. आता मूळच गेले असे घरच्यांना वाटले. तर तो दुसऱ्यांच्या बिड्या मोजू लागला. मग तारांची जोडणी, मग यंत्राच्या बेअरिंगचा तापलेला भाग, मग घरची चूल. चुलीतली राख तो रात्रीतून पाच-सहा वेळा हाताने चाळून पाही. बोटांना फोड आलेले मी पाहिले आहेत.

ह्यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. ठिणगी नाही, हे त्याला ठाऊक होते. मी विचारले तेव्हा तो स्पष्ट म्हणाला, “नसतीच भाऊ. पण बघितल्याबिगर छाती खाली बसत नाही.” ज्याला आपण भ्रमिष्ट म्हणतो त्याची खोटी गोष्टच त्याला खरी वाटत असते. ह्याचे तसे नव्हते. हा शुद्धीवर होता, आणि शुद्धीवर असूनच पिळून निघत होता.

आपल्या भाषेत ह्या दुखण्याला जुना शब्द आहे, मंत्रचळ. मंत्र म्हणताना चूक झाली तर माणसाचे डोके फिरते, ह्या समजुतीतून तो आला. पुढे पुढे जो माणूस उगाच पुन्हा पुन्हा हात धुतो, सोवळ्याच्या नावाखाली घर डोक्यावर घेतो, कुलूप दहा वेळा ओढून पाहतो, त्याला आपण मंत्रचळ लागला म्हणू लागलो. शब्द चांगला आहे, पण तो आपण हसण्यासाठी वापरतो, हे वाईट आहे. एखादी आजी विहिरीवरून आणलेले पाणी सावली पडली म्हणून ओतून देते, तेव्हा तिच्या मागे पोरे हसतात. ती आजी रात्री झोपते का, हे कोणी विचारत नाही. मी रूढीची बाजू घेत नाही. सोवळेओवळे ही रूढी आहे आणि ती मोडलीच पाहिजे. पण रूढी पाळणाऱ्याला पाळून झाल्यावर समाधान मिळते, आणि मंत्रचळ्याला कधीच मिळत नाही, हा दोहोंतला फरक आहे.

हे दुखणे दुर्मिळ आहे असे समजू नका. बेंगळुरूच्या निम्हान्स ह्या राष्ट्रीय संस्थेने बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी करून २०१६ मध्ये तिचा अहवाल दिला. हजार प्रौढ माणसांत सुमारे आठ जणांना हा विकार त्या वेळी होता असे त्यात निघाले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपली माणसे काही निराळ्या मातीची नाहीत. पाच हजार प्रौढांचे गाव धरले तर चाळीस माणसे झाली. चाळीस माणसे आपल्याला दिसत नाहीत, कारण ती लपतात.

आता माझी चूक सांगतो. सगळ्या भाषणाचा रोख तिच्यावर आहे.

मालकाशी बोलणी झाली. चोरीचा शब्द मागे घेतला गेला, पण माणसाला कामावर घेतले नाही. ते प्रकरण मी जिंकले की हरलो, हे मला आजही सांगता येत नाही. त्याला मी मोंढ्यात हमालीला लावले आणि म्हटले, “रात्री जीव घाबरला तर मला फोन करीत जा.” तो करू लागला. “भाऊ, आपल्या गोदामात बिडी कुणी ओढली नाही ना?” मी म्हणे, “नाही रे बाबा, मी स्वतः बघून आलो. झोप आता.” पलीकडून सुस्कारा ऐकू येई. त्याला बरे वाटे, आणि मलाही वाटे, की आपण एका माणसाला धरून ठेवले आहे. पहिल्या महिन्यात तो रात्रीतून एकदा फोन करी. वर्षाने तो सात-आठदा करू लागला. मी बाहेरगावी सभेला असलो तर त्याची बायको चार्जिंग उतरलेला फोन घेऊन शेजाऱ्यांची दारे वाजवी. तिने मला एकदा सांगितले, “भाऊ, तुमीच समजावून सांगा ह्यांना. तुमचं सांगितल्यालं टिकतंय.” टिकत होते ते दहा मिनिटे.

दर वेळी माझ्या शब्दाने त्याला गुण येत होता. त्याला विचारले असते तर त्याने शपथेवर सांगितले असते, की भाऊंच्या बोलण्याने आराम पडतो. त्याच्या बायकोनेही सांगितले असते. मी तर सांगितलेच असते. तीन प्रामाणिक साक्षीदार, आणि तिघांची साक्ष खोटी. दुखणे तीन वर्षे वाढतच होते.

पुढे एका मोठ्या गावच्या सरकारी रुग्णालयात त्याला नेले, तेव्हा तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मला बाहेर बोलावून जे सांगितले ते मी जन्मात विसरणार नाही. त्या म्हणाल्या, “तो राख चाळतो आणि तुम्हाला विचारतो, ही दोन्ही कामे एकच आहेत. तुम्ही उत्तर देता म्हणजे त्याच्या वतीने राख चाळता.” बाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. मला राग आला होता, हे कबूल करतो.

त्यांनी जो उपचार सुरू केला, तो बोलण्याचाच, पण त्यातले बोलणे म्हणजे दिलासा नव्हे. ज्या गोष्टीची भीती, तिच्यासमोर ठरवून जायचे; आणि भीती वाटली की जे करावेसे वाटते, ते करायचे नाही. पाहायचे नाही, धुवायचे नाही, विचारायचे नाही. भीती चढते, चढते, आणि तिला काही खायला मिळाले नाही तर आपोआप उतरते. असे पुष्कळदा झाले की मन शिकते, की राख न चाळताही रात्र निभावते. पहिल्या आठवड्यात त्याला खिशात काडीपेटी ठेवून कापसाच्या गोणीशेजारी बसवले. नंतर वहीत एक वाक्य रोज लिहायला लावले : ‘आग लागेलही, मला माहीत नाही.’ त्याच्या बायकोला आणि मला एकच उत्तर शिकवले : “मला माहीत नाही, आणि आज आपण ते बघणार नाही.” ज्या रात्री हे सुरू केले त्या रात्री त्याने मला अकरा वेळा फोन केला. पहिल्या फोनला मी हे उत्तर दिले. पुढचे दहा उचलले नाहीत. ओट्यावर बसून राहिलो. संपात माणसे उपाशी ठेवण्याचे पाप माझ्या हातून घडले आहे, पण ती रात्र त्याहून जड गेली.

ह्या उपचाराची जन्मकथा थोडक्यात सांगतो. फ्रॉइडने १९०९ साली अशा एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्यानंतर कित्येक दशके ह्या लोकांच्या बालपणाचा आणि स्वप्नांचा अर्थ लावण्याचे काम चालले, आणि तेवढ्याने गुण फारसा येत नाही अशी तक्रार खुद्द डॉक्टर मंडळीतूनच होत राहिली. १९६६ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील व्हिक्टर मेयर ह्या मानसशास्त्रज्ञाने दोन रोग्यांवर दुसरा मार्ग अवलंबला. परिचारिका सतत सोबत ठेवून त्याने रोग्यांना त्यांच्या भीतीसमोर नेले आणि त्यांची कर्मकांडे थांबवली. दोघेही पुष्कळ सुधारले. १९७४ पर्यंत त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असे पंधरा रोगी पाहिले; त्यांतले दहा फारच चांगले झाले, बाकीच्यांनाही थोडाबहुत गुण आला.

इथे टाळ्या वाजवून मोकळे व्हावे असे वाटते. पण माझी तीन वर्षे आठवा. मलाही गुण दिसत होताच. मग मेयरच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा आणि माझ्या ठेवायचा नाही, तो कशाच्या बळावर?

मोंढ्यातल्या मंडळींना हा प्रश्न मी त्यांच्या भाषेत सांगतो. व्यापारी पोत्यात परखी खुपसून धान्याचा नमुना काढतो. परखी कोणत्या पोत्यात घालायची हे विकणाऱ्याने ठरवले तर माल नेहमीच चांगला निघतो. घेणाऱ्याने ठरवले तर नेहमीच वाईट. म्हणून शहाणा अडत्या डोळे मिटून पोते निवडतो. आणि काटा खरा की खोटा हे काट्याच्या मालकाला विचारून कळत नाही; ठाऊक असलेले वजन त्याच्यावर ठेवून पाहावे लागते. उपचाराची पारखही अशीच करावी लागते. माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणे अगदी टोकाला गेल्यावर. टोकावरून ते तसेही थोडे खाली येणारच असते. कोणी आपुलकीने विचारपूस केली तर कोणालाही चार दिवस बरे वाटते. जे मध्येच सोडून जातात त्यांची कोणी मोजदाद करीत नाही. आणि ज्याने उपचार केला त्यानेच गुण मोजला, तर तो हात आखडून मोजत नाही. ह्या चार वाटांनी खोटे वजन काट्यावर चढते.

ह्यावरचा उपाय साधा आहे. रोग्यांचे दोन गट करायचे, आणि कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. डॉक्टरने नाही, रोग्याने नाही. एका गटाला नवा उपचार, दुसऱ्याला दुसरे काही. गुण मोजणारा माणूस तिसराच, आणि कोणाला काय मिळाले हे त्याला माहीत असता कामा नये. ही रीत परकी म्हणून कोणी नाक मुरडू नये. १९५६ पासून मद्रासला क्षयरोगावर अशीच एक चाचणी झाली. १९३ गरीब रोग्यांत चिठ्ठीने ठरवले, की कोण आरोग्यधामात राहील आणि कोण घरी राहून औषध घेईल. क्षयाच्या माणसाला हवेशीर आरोग्यधाम आणि सकस अन्न हवेच, असे सगळे जग तेव्हा मानीत होते. १९५९ मध्ये निकाल आला : झोपडीत राहून औषध घेणारेही जवळपास तितकेच बरे झाले. ह्या एका हिशेबाने साऱ्या जगातल्या गरीब क्षयरोग्यांच्या उपचाराची दिशा बदलली. आमच्या चळवळीने एवढे मोठे काम क्वचितच केले असेल.

पण बोलण्याच्या उपचारात एक अडचण आहे, आणि मला वाटते सगळ्यात विचार करण्यासारखी जागा हीच आहे. गोळीची चाचणी घेताना तशीच दिसणारी पोकळ गोळी करता येते. रोग्याला कळत नाही आपण काय गिळले. बोलण्याचे काय करणार? आपल्याशी कोणी बोलले की नाही हे रोग्याला कळतेच. एका गटाशी बोलायचे आणि दुसऱ्या गटाला नुसते घरी बसवायचे, तर पहिल्या गटाला आलेला गुण उपचाराचा की नुसत्या सोबतीचा, हे कसे ठरवणार? उत्तर असे आहे, की दुसऱ्या गटाशीही बोलायचे. तितकाच वेळ, तितक्याच आपुलकीने, पण ज्याला आपण उपचाराचा गाभा समजतो तो काढून घेऊन.

ही कल्पना आपल्या मुंबईतही फार लवकर वापरली गेली. के. ई. एम. रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत पतंजलीच्या योगसूत्रांवरून मनोविकारांसाठी एक उपचार बसवला. तो नुसता बसवून ते थांबले नाहीत. दुसऱ्या गटाला त्यांनी आसनांसारखी आसने आणि श्वासासारखा श्वास शिकवला, पण मन एकाग्र करण्याचा गाभा त्यातून वगळला. खऱ्या उपचाराच्या गटात सुधारणा अधिक दिसली. तो उपचार फक्त मंत्रचळासाठी नव्हता, आणि आजच्या मापाने त्या चाचण्यांत उणिवाही काढता येतील. पण आपल्या परंपरेतली गोष्ट आहे म्हणून ती सिद्धच आहे असे न म्हणता तिला काट्यावर चढवायचे, हे धैर्य मला मोठे वाटते. आज योगाच्या नावाने जाहिराती करणाऱ्या किती जणांत ते आहे?

मंत्रचळाच्या बाबतीत हा प्रयोग सिडनीच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. रोगी थोडे होते, अठराच. चिठ्ठीने दोन गट केले. एकाला मेयरच्या वळणाचा उपचार, म्हणजे भीतीसमोर जाणे आणि कृती रोखणे. दुसऱ्याला तितकाच वेळ श्वासाचे व्यायाम, अंग सैल सोडणे, अडचणी सोडवण्याचे शिक्षण. दोन्हीकडे माणसे चांगली, प्रेमळ. तीन आठवड्यांनी पहिला गट स्पष्टपणे सुधारला होता. दुसरा जिथे होता तिथेच होता. हा निकाल मी प्रथम वाचला तेव्हा ते पान बाजूला ठेवून जरा वेळ बाहेर फिरून आलो. त्या दुसऱ्या गटात मला मीच दिसलो. अलीकडे, २०२१ मध्ये, निम्हान्सच्या मंडळींनीही एक नवा उपचार असाच तपासला. एका गटाला सजगतेवर, म्हणजे मनात येणारा विचार त्याच्यामागे न धावता नुसता पाहण्याच्या सरावावर आधारलेला उपचार, आणि दुसऱ्या गटाला ताण हाताळण्याचे शिक्षण. तिथेही पहिला गट पुढे गेला.

आता आमच्या माणसाकडे येतो. ह्या दुखण्याची तीव्रता मोजायला येल-ब्राऊन नावाची एक मोजपट्टी आहे. दहा प्रश्न, शून्यापासून चाळीसपर्यंत गुण. पहिल्या दिवशी त्याचे एकतीस भरले होते, सहा महिन्यांनी चौदा. तो झोपू लागला. चुलीकडे तो रात्री एकदा पाहतो, आणि तेवढे तर माझी बायकोही पाहते. पण मी आत्ताच जे बोललो त्याला जागायचे असेल, तर ह्या एका माणसावरून मला काही सिद्ध करता येत नाही. शिवाय त्याला उपचार सुरू झाला त्याच महिन्यात गोळीही सुरू झाली होती. मग गुण कशाने आला? गोळीने, त्या बाईंच्या बोलण्याने, की मी फोन उचलणे थांबवले म्हणून?

नेमक्या ह्या प्रश्नाचे उत्तर देणारी एक चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क आणि कॅनडातील विनिपेग अशा तीन ठिकाणी, एडना फोआ ह्या विदुषी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ती केली. १२२ रोगी, चार गट. एकाला भीतीसमोर नेण्याचा उपचार, दुसऱ्याला क्लोमिप्रामीन नावाची गोळी, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला पोकळ गोळी. बारा आठवड्यांनी पाहिले. बोलण्याच्या उपचाराने शंभरात ६२ सुधारले, गोळीने ४२, दोन्ही मिळून ७०, आणि पोकळ गोळीने अवघे ८. तो शेवटचा आकडा पाहा. दुसऱ्या पुष्कळ दुखण्यांत पोकळ गोळीनेही बऱ्याच जणांना बरे वाटते. हे दुखणे नुसत्या आशेने हलत नाही.

पण त्याच चाचणीत आणखी एक आकडा आहे, आणि हजेरीपट तपासायची सवय असलेल्या माणसाच्या नजरेतून तो सुटत नाही. जे शेवटपर्यंत टिकले तेवढेच मोजले, तर बोलण्याच्या उपचाराचा गुण ६२ नव्हे, ८६ होतो. म्हणजे टिकलेल्यांची साक्ष घेतली तर उपचार जवळजवळ अचूक, आणि सुरुवातीच्या यादीतली सगळी माणसे धरली तर शंभरात चाळीस जणांना पुरेसा गुण नाही. कोणी तुम्हाला ८६ सांगितले तर तो खोटे बोलत नसतो. त्याने गळालेल्यांची नावे पटावरून खोडलेली असतात, इतकेच. ही युक्ती मी मालकांच्याच नव्हे तर संघटनांच्या अहवालांतही पाहिली आहे.

माणसे गळतात ती का? एक कारण उपचारातच आहे. भीतीच्या तोंडात जा असे सांगणारा उपचार सोपा कसा असेल? दुसरे कारण आपल्याकडचे. आमच्या माणसाला सोळा वेळा जावे लागले. पहाटेची यष्टी, परत यायला रात्र. सोळा दिवसांचा रोज बुडाला, तिकीट वेगळे, आणि चौथ्या खेपेनंतर बायकोला सोबत नेणे त्याला परवडेना. मोंढ्यातल्या हमालांनी पदरचे काढून अर्धा खर्च उचलला, नाहीतर तोही त्या खोडलेल्या नावांत गेला असता. परदेशातल्या चाचणीत रोज बुडण्याचा रकाना नसतो. आपल्याकडच्या चाचणीत तो असला पाहिजे.

आणि आपल्याकडे असे काम होऊ शकते, ह्याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ ही संस्था ह्यांनी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशी चाचणी केली. ती मंत्रचळावर नव्हती, तीव्र उदासपणाच्या विकारावर होती. बोलण्याचा उपचार करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. गावातलीच, तेवढ्यासाठी शिकवून तयार केलेली माणसे होती. सहा ते आठ बैठका. ती माणसे आपल्या बैठकांचे ध्वनिमुद्रण एकमेकांना ऐकवीत आणि एकमेकांच्या कामाला गुण देत. आमच्या अभ्यासवर्गात असे काही करायला कोणी धजणार नाही. दहा केंद्रे, ४९५ रोगी, चिठ्ठीने दोन गट. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. तीन महिन्यांनी उपचाराच्या गटात शंभरात ६४ जण उदासीनतेतून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात ३९.

ह्यावरून मंत्रचळही गावातल्या माणसाला बरा करता येईल असे मी म्हणत नाही. उदास माणसाला उठवून कामाला लावणे आणि भेदरलेल्या माणसाला भीतीसमोर बसवून ठेवणे, ह्यांत अंतर आहे. अर्धवट शिकलेल्याच्या हातून दुसरे काम बिघडू शकते. मी तर ते तीन वर्षे बिघडवलेच. पण मागणी करता येते. अंबाजोगाईला १९७४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीला २०२३ मध्ये झाले. ह्या दोन ठिकाणी मराठीतून, आपल्या माणसांवर, रोजगारी माणसाला परवडेल अशा वेळी, आठवडी बाजाराच्या दिवशी म्हणा, हा उपचार द्यावा आणि चिठ्ठ्या टाकून, तिसऱ्या माणसाकडून मोजून तो तपासावा. एक गट रुग्णालयात येणाऱ्यांचा, दुसरा गट असा, की ज्याला पहिल्या चार बैठका तिथे आणि बाकीच्या फोनवर. कोणत्या गटातली माणसे जास्त गळतात, हे तरी कळेल. संघटनेच्या वतीने ह्याचे एक निवेदन मी लिहिले आहे. त्यावर सह्या हव्यात, पण निवेदन वाचून मगच करा. न वाचता केलेल्या सह्यांचा मला कंटाळा आला आहे.

तोवर कोणाच्या घरी असे दुखणे असेल तर १४४१६ हा सरकारी दूरध्वनी आहे, टेलिमानस नावाचा. तो २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, आणि मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाच्या सेवेतून असा उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क केला आहे. रुग्णालयात कोणी टोलवाटोलवी केली तर तो कायदा मजजवळ आहे, दाखवीन. आणि घरच्या माणसाने दहाव्यांदा विचारले, “कुलूप लागलंय ना?” तर काय उत्तर द्यायचे हे आधी डॉक्टरांना विचारून ठरवा. माझ्यासारखे एकदम एके रात्री फोन उचलणे बंद करू नका. आमच्याकडे ते बाईंनी सांगून, त्याला स्वतःला कबूल करवून, दिवस ठरवून केले होते.

अध्यक्षांनी घंटीला हात लावलेला मला दिसतो आहे. प्रश्न इथे सर्वांसमोर विचारायला संकोच वाटत असेल, तर सभा संपल्यावर मी शाळेच्या ओट्यावर थांबतो. नाव सांगायची गरज नाही.